इंग्रजी ऐकण्याची परीक्षा आणि मराठी शाळेवरचा आळ

गेल्या पावसाळ्यात निपाणीहून माझी भाची भेटायला आली. परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून चार वर्षे रुग्णालयात काम केलेली, सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली ही मुलगी. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी यासाठी तिने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा संगणकावर दिली होती. तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल वाचन, श्रवण आणि संभाषण या तीन अंगांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ इतकी श्रेणी मागते. भाचीला बाकी सर्व अंगांत हवी ती श्रेणी मिळाली, श्रवणात मात्र साडेसहा. "मामा, मला सगळं समजत होतं, तरी गुण गेले," एवढेच ती म्हणाली. सोबत आलेली माझी बहीण मात्र निकाल देऊन मोकळी झाली होती. "दादा, मराठी शाळेनंच हिला मागं ठेवलं. थोरलीच्या मुलीला यंदा पहिलीला इंग्रजी शाळेतच घालायचं ठरवलंय आम्ही."

हे वाक्य सीमाभागात मी आज प्रथम ऐकले असे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी शाळेचा वर्ग रिकामा होतो तेव्हा त्यामागे सरकारी धोरण असते, शिक्षकांची रिक्त पदे असतात, तसेच पालकांच्या मनातले हे वाक्यही असते. धोरणाविरुद्ध आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. या वाक्याला मात्र आपल्याकडे तयार उत्तर नसते. भावनेचे आवाहन केले तर पालक मान डोलावतात आणि जूनमध्ये दाखला काढून नेतात. म्हणून वकिलाला जे करता येते ते मी केले. आरोप ऐकला आणि पुरावा पाहू या म्हटले. भाचीसह बसून परीक्षेचे अधिकृत नमुने उघडले, हेडफोन लावला आणि ही श्रवणपरीक्षा चालते तरी कशी, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. जे दिसले ते येथे मांडतो.

आयईएलटीएसच्या श्रवणपरीक्षेत चार भाग असतात. प्रत्येक भागात दहा, असे एकूण चाळीस प्रश्न. ध्वनिमुद्रण सुमारे तीस मिनिटांचे. पहिल्या भागात दोन माणसांचा रोजच्या व्यवहारातला संवाद असतो. कोणी खोली भाड्याने घेतो आहे, कोणी प्रवासाची नोंदणी करतो आहे. दुसऱ्या भागात एकच व्यक्ती एखाद्या स्थळाची वा सोयीची माहिती देते. तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक अभ्यासाविषयी चर्चा करतात. चौथ्यात विद्यापीठातले व्याख्यान. बोलणारे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनेडियन, कोणीही असू शकतात. प्रत्येक भागापूर्वी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो, आणि मुद्रण एकदाच ऐकवले जाते. ते थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. आवाज लहानमोठा करता येतो, इतकेच. कागदावरच्या परीक्षेत उत्तरे उतरवून काढण्यासाठी शेवटी दहा मिनिटे मिळत. संगणकावर उत्तर तेथल्या तेथे टंकायचे असते, म्हणून शेवटी तपासण्यापुरती दोनच मिनिटे मिळतात.

उत्तरे बहुधा मुद्रणातल्या क्रमानेच येतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे जागा कोरी सोडण्यात अर्थ नाही. 'दोनपेक्षा अधिक शब्द नकोत' अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले, तर अर्थ बरोबर असूनही उत्तर बाद. स्पेलिंग चुकले तरी उत्तर बाद. मात्र ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही रूढ स्पेलिंगे चालतात. चाळीसपैकी किती बरोबर यावरून शून्य ते नऊ अशी श्रेणी ठरते. परीक्षा घेणाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या सरासरीप्रमाणे तेवीस उत्तरे बरोबर आल्यास ६, तीस आल्यास ७ आणि पस्तीस आल्यास ८. म्हणजे साडेसहा मिळवणारी माझी भाची सातच्या उंबरठ्यावरून परतली होती. एक-दोन, फार तर तीन-चार उत्तरे. यासाठी शुल्क पुन्हा भरायचे.

ती उत्तरे गेली कोठे? तिने माझ्यासमोर तीन नमुना परीक्षा सोडवल्या. चुकांची मी यादी केली. बोलणे अजिबात समजले नाही म्हणून गेलेली उत्तरे त्या यादीत फारच थोडी निघाली. उरलेल्या चुका चार प्रकारांत बसत होत्या, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्या रंजक वाटतील अशा होत्या.

पहिला प्रकार अनेकवचनाचा. मुद्रणात 'तिकिटे' या अर्थाचा शब्द येतो, ती एकवचन लिहिते. शेवटचा 'स' तिच्या कानावर पडत होता, पण नोंदला जात नव्हता. याचे कारण आपल्या भाषेत आहे. 'दगड पडला' आणि 'दगड पडले' ही वाक्ये पाहा. 'दगड' तोच राहिला. वचन क्रियापदाने सांगितले. 'घर', 'मुलगा' यांची रूपे बदलतात हे खरे, पण व्यंजनान्त उच्चाराच्या पुल्लिंगी नामांत मराठी कानाला नामाच्या शेपटीकडे पाहण्याची गरजच पडत नाही. वचनाची खबर विशेषणाकडून, क्रियापदाकडून मिळते. इंग्रजीत ती बहुतेक वेळा नामाच्या टोकाला चिकटलेल्या एका हलक्या ध्वनीत असते, आणि परीक्षा नेमका तोच ध्वनी मोजते.

दुसरा प्रकार आघाताचा. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला भेद आपण शेवटच्या 'न'वर टांगून ठेवतो. इंग्रज बोलणारा तो बऱ्याच अंशी आघाताने करतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याची नोंद ठेवत नाही. शिवाय आपण शब्दातल्या अक्षरांना जवळपास सारखा मान देतो, तर इंग्रजीत आघात नसलेली अक्षरे अर्धी गिळली जातात. 'कॅन' हा शब्द वाक्यात येता येता 'कन' होऊन जातो. पुस्तकातून शिकलेला विद्यार्थी पूर्ण 'कॅन'ची वाट पाहत बसतो.

तिसरा प्रकार नकाराचा आणि दुरुस्तीचा. मराठीत 'नाही' बहुधा वाक्याच्या शेवटी येते. 'मी उद्या कोल्हापूरच्या गाडीने येणार' इथवर ऐकूनही आपण निष्कर्ष काढत नाही, कारण पुढे 'नाही' असू शकते. कन्नडमध्येही नकार क्रियापदाच्या अंती, 'बरुवुदिल्ल'मधल्या 'इल्ल'सारखाच. इंग्रजी नकार वाक्याच्या आरंभीच, सहायक क्रियापदाला लागून, तोही अर्धवट उच्चारात येऊन जातो. त्याच्या जोडीला ही परीक्षा मुद्दाम फसवी वळणे ठेवते. 'मंगळवारी भेटू' असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, 'मंगळवारी मला दंतवैद्याकडे जायचे आहे, गुरुवारी चालेल का?' घाईने 'मंगळवार' टंकणारा फसतो. उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला ही युक्ती नवी नाही, पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला कोणी ती आधी दाखवलेली नसते.

चौथा प्रकार निव्वळ स्पेलिंगचा आणि अक्षरांच्या नावांचा. 'अकोमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम आहेत, हे कानाला कळणार नाही. दूरध्वनी क्रमांकात शून्याला 'ओ' म्हणतात, आपण ज्याला 'झेड' म्हणतो त्याला अमेरिकन माणूस 'झी' म्हणतो, हे एकदा सांगितले की संपते. पण सांगितले पाहिजे.

आता बहिणीच्या आरोपाकडे वळू. या चार प्रकारांपैकी कोणत्या चुकीचे मूळ मराठी माध्यमात शिकण्यात आहे? इतिहास, भूगोल, गणित मराठीत शिकल्यामुळे 'थर्टीन'चा आघात हरवला, असे कोणी सिद्ध करू शकेल असे मला वाटत नाही. या चुका मराठी ही मातृभाषा असण्यातून आणि इंग्रजी कानावर न पडण्यातून आल्या आहेत. त्यांपैकी पहिली गोष्ट शाळा बदलून बदलत नाही. दुसरी बदलते का, हे पाहायला हवे. आपल्या तालुक्यातल्या इंग्रजी नाव लावलेल्या शाळांत मी अनेकदा गेलो आहे, कधी पाहुणा म्हणून, कधी कामानिमित्त. तेथे शिक्षक इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचतात आणि मराठीत वा कन्नडमध्ये समजावून सांगतात. मुले प्रश्नोत्तरे पाठ करतात. यात शिक्षकांचा दोष काढत नाही, त्यांनाही तसेच शिकवले गेले. पण अस्खलित, वेगवेगळ्या उच्चारांचे इंग्रजी त्या मुलांच्याही कानांवर पडत नाही. फळा इंग्रजीत लिहिला म्हणून कान तयार होत नाही. भाचीच्या तुकडीतल्या इंग्रजी माध्यमातून आलेल्या मैत्रिणींनाही श्रवणातच अडचण आली, हे तिने मला स्वतः सांगितले. आईला सांगितले नव्हते.

आपल्या बाजूची चूकही मान्य केली पाहिजे. मराठी शाळांत इंग्रजी हा विषय आपण डोळ्यांनी शिकवला. भाषांतर, रिकाम्या जागा, निबंध. शालान्त परीक्षेतले इंग्रजी मुख्यतः लेखी, म्हणून वर्गातलेही लेखी. दहा वर्षांत विद्यार्थ्याने सलग दहा मिनिटे बोललेले इंग्रजी ऐकून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे लिहिली, असे आपल्या किती शाळांत घडते? माझ्या पिढीचेही तेच झाले. कायद्याच्या पहिल्या वर्षी व्याख्याने डोक्यावरून जात. मी शेजारच्या बाकावरच्या धारवाडकडील मित्राची टिपणे उतरवून घेत असे, आणि तो माझी. कोणाला काय ऐकू आले ते जुळवून आमचे एक व्याख्यान पूर्ण होई. भाषा येत होती, कान सरावलेला नव्हता. सहा महिन्यांत सरावला.

आणि या बाबतीत सीमाभागातल्या मुलाजवळ एक ठेव आहे, जिची आपण कधी किंमत केली नाही. घरात तो एक मराठी ऐकतो, निपाणीच्या बाजारात दुसरी, दूरदर्शनवर तिसरी. 'काय करुलालास?' असे विचारणारा बेळगावचा मित्र आणि 'काय करतोयस?' विचारणारा पुण्याचा आतेभाऊ, दोघेही त्याला न अडखळता समजतात. बसमध्ये कन्नड, खानापूरकडे कोकणीची छटा, चित्रपटांतून हिंदी. अक्षर एक असले तरी ध्वनी वेगळा असू शकतो, हेही मराठी मुलाला शिकवावे लागत नाही. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जीव धरून राहा, हे आपण एकाच प्रकारे लिहितो आणि दोन प्रकारे उच्चारतो. 'चार' या संख्येतला 'च' आणि 'चारा'तला 'च' निराळे आहेत, हे कान जाणतो. लिपी आणि उच्चार यांची फारकत हीच इंग्रजीची मोठी अडचण. ती पेलण्याची सवय या मुलाला आधीच आहे. अनेक उच्चार, अनेक ढंग ऐकून अर्थ काढणे हेच तर ती परीक्षा मागते. कर्नाटकाच्या २०१५च्या कायद्याने शाळांत कन्नड अनिवार्य झाली, तिच्या सक्तीविषयी माझे मत या वाचकांना ठाऊक आहे. पण बहुभाषिक कान ही कोणाच्या सक्तीची देणगी नव्हे, ती या भूमीची आहे.

याचा अर्थ ही परीक्षा सर्वस्वी न्याय्य आहे असा मी मानत नाही. न्यायालयात साक्षीदाराची साक्ष लिहून झाली की ती त्याला वाचून दाखवावी, आवश्यक तर दुरुस्त करावी, आणि त्याला न कळणाऱ्या भाषेत ती नोंदली असेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगावी, असा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ चा दंडक होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो तत्त्वतः कायम आहे. कायद्याने हे ओळखले आहे की माणूस एकदा ऐकून चुकू शकतो, लिहिणाराही चुकू शकतो, आणि ज्याच्यावर परिणाम होणार त्याला पुन्हा ऐकण्याची संधी हवी. रुग्णालयातही तसेच. डॉक्टरांनी दूरध्वनीवर औषधाची मात्रा सांगितली आणि परिचारिकेने ती उलट म्हणून दाखवली नाही, तर तो निष्काळजीपणा ठरतो. 'पुन्हा सांगता का?' हा प्रश्न हा चांगल्या परिचारिकेचा गुण आहे. आयईएलटीएसच्या श्रवणपरीक्षेत त्याला जागा नाही. परीक्षा कानाची आणि लक्षाची चपळाई मोजते, व्यवसायातली जबाबदारी मोजत नाही. परिचारिकांसाठी ओईटी ही निराळी परीक्षा आहे. तिच्या बेचाळीस श्रवणप्रश्नांत रुग्ण आणि वैद्यक कर्मचारी यांचे संवाद असतात, आणि ब्रिटनची परिषद तीही ग्राह्य मानते. तेथेही मुद्रण एकदाच, पण विषय तरी ओळखीचा. आपल्या मुलींना हा पर्यायच अनेकदा कोणी सांगत नाही.

तथापि, परीक्षा अपुरी आहे म्हणून ती टाळता येत नाही, आणि तिच्यावर रागावून आपल्या मुलांचे भले होत नाही. परक्या रुग्णाची वेदना त्याच्या भाषेत कळावी ही अपेक्षा रास्तच आहे. आपणही सीमाभागात हेच मागतो: मराठी माणसाचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकले जावे. जे आपण मागतो, ते दुसऱ्याला नाकारता येणार नाही.

आता कायद्याचा एक मुद्दा. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-अ ने, जो १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. त्या आधारावर आपण शाळा मागतो आणि मागत राहू. पण ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्याच प्रकरणात निर्णय दिला की मातृभाषा हे प्राथमिक शिक्षणाचे माध्यम म्हणून राज्याला लादता येत नाही; निवड पालकाची आणि मुलाची. म्हणजे शाळा उघडी ठेवण्याचे कर्तव्य राज्याचे असले, तरी तिच्या दारात मूल आणणे पालकाच्या मनावर आहे. ते मन भीतीने बनू नये, माहितीने बनावे, हे काम चळवळीचे आहे. चुकीच्या समजुतीवर दिलेली संमती कायद्यात दुबळी मानतात. चुकीच्या समजुतीवर बदललेली शाळाही तशीच.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. पाचवीपासून प्रत्येक मराठी शाळेत आठवड्यातला इंग्रजीचा एक तास श्रवणाला द्यावा. एक ध्वनिवर्धक, दहा मिनिटांचे मुद्रण, एकदाच ऐकवायचे, दहा प्रश्न, मग पुन्हा ऐकवून चुका पाहायच्या. परीक्षा दुसऱ्यांदा ऐकवत नाही, शाळेने ऐकवावे. हाच तर शाळा आणि परीक्षा यांतला फरक. वाचनालयांनी एक संगणक आणि दोन हेडफोन ठेवावेत. आयईएलटीएस, टोफेल, ड्युओलिंगो या सर्वांचे नमुने विनामूल्य मिळतात. वर सांगितलेल्या चार प्रकारांच्या चुका मराठीत समजावणारी छोटी पुस्तिका आपल्या शिक्षकांनी तयार करावी. बाहेरच्या शिकवणी वर्गांतील साहित्यात मराठी कान कोठे अडतो हे सहसा नसते. ते आपणच लिहू शकतो. काही परीक्षा घरी बसूनही देता येतात हेही मुलांना सांगावे, आणि तेव्हा खोलीत दुसरे कोणी असता कामा नये, कोणी बोलले तर परीक्षा रद्द होऊ शकते, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगावे. आपल्या घरांत ही शांतता मिळवणे परीक्षेइतकेच अवघड.

भाची आता रोज अर्धा तास ऐकते, शब्दांच्या शेवटाकडे लक्ष ठेवून. पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण तिला आता आपल्या चुका ठाऊक आहेत, आणि त्यांत 'मराठी शाळा' ही नोंद नाही.

बहिणीला ही यादी मी वाचून दाखवली, कलम २७८ प्रमाणे. तिने नातीचा निर्णय अजून बदललेला नाही. एवढेच म्हणाली, "मग दोन्ही शाळांत जाऊन विचारून येते, पोरांना ऐकायला काय देतात म्हणून." माझी वाचकांना विनंती इतकीच आहे की प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येकाने हा प्रश्न दोन्ही शाळांत विचारावा. आणि तो विचारला जाईल तेव्हा आपल्या मराठी शाळेकडे उत्तर असावे, याची तयारी आपण येत्या जूनपूर्वी करावी.